दाराच्या चौकटीवरचं कोडं

अलिबागच्या इस्रायल आळीत एखाद्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरी जाण्याचा योग आला, तर उंबरठा ओलांडण्याआधी उजव्या हाताच्या चौकटीकडे पाहा. साधारण खांद्याच्या उंचीवर बोटभर लांबीची एक नळी ठोकलेली दिसेल. ही मेझुझा. घरातली माणसं येताजाता तिला बोटं लावतात आणि तीच बोटं ओठांना टेकवतात. आपल्याला तो ताईत वाटतो. पण नळीत असतो तो मजकूर. चर्मपत्राची एक छोटी गुंडाळी असते आणि तिच्यावर तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातले दोन उतारे 22 ओळींत हाताने लिहिलेले असतात. देव एकच आहे, त्याच्यावर जिवापाड प्रेम कर, आणि हे शब्द आपल्या दाराच्या चौकटीवर लिहून ठेव, असा त्यांचा आशय.

इथवर सगळं सरळ आहे. कोडं सुरू होतं ते ही गुंडाळी उलटी केल्यावर. अनेक मेझुझांच्या मागच्या बाजूला तीन शब्दांची एक ओळ असते, तीही उलट्या बाजूने लिहिलेली. 'कुझू बेमुखसाझ कुझू' असं काहीतरी ते वाचलं जातं. या शब्दांना हिब्रूत काहीही अर्थ नाही. युरोपातल्या ज्यूंमध्ये मध्ययुगात रुळलेली ही रीत आजही पाळली जाते. एकेका अक्षरात चूक होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारा लेखनिक त्याच चर्मपत्रावर निरर्थक अक्षरं का लिहितो?

एक घर पुढे

उत्तराचा पहिला टप्पा सोपा आहे. हिब्रू वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर एक घर पुढे सरकवायचं. मराठीत 'राम' या शब्दातल्या र च्या जागी पुढचा ल आणि म च्या जागी पुढचा य घेतला, तर 'लाय' होईल. तसंच हे. ज्यूंच्या देवाचं चार अक्षरी नाव (योद, हे, वाव, हे) आहे. ते उच्चारायचं नाही, असा दंडक आहे. ही चार अक्षरं एकेक घर पुढे नेली की होतं काफ, वाव, झायिन, वाव, म्हणजे 'कुझू'. मागची ओळ पुढच्या बाजूला जिथे देवाचं नाव येतं, बरोबर त्याच्या पाठीशी लिहिलेली असते.

अक्षरांची अदलाबदल मराठीला नवी नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बंदिस्त केले, तेव्हा हेच तंत्र वापरलं होतं. पण तिथे हेतू लपवण्याचा होता. इथे लपवायचं काय? खरं नाव त्याच चर्मपत्राच्या दुसऱ्या बाजूला स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे गुप्ततेचं उत्तर पुरत नाही. यहुदी गूढविद्येत, म्हणजे कब्बालात, शिरायला हा प्रश्न फार चांगला आहे, कारण या विद्येचं मर्म इथेच आहे. अक्षर हलवलं तरी त्यातला देव हलत नाही, अशी तिची श्रद्धा आहे.

तीन किल्ल्या

अक्षर हलवण्याच्या या रीतीला 'तेमुरा', म्हणजे अदलाबदल, म्हणतात. ती कब्बालाच्याही आधीची. बायबलमधल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथात 'शेशाख' नावाचं एक राज्य येतं. असं राज्य कुठेच नव्हतं. वर्णमालेचं पहिलं अक्षर शेवटच्याशी, दुसरं शेवटून दुसऱ्याशी, अशा जोड्या लावल्या की ब चा श होतो आणि ल चा ख. आता 'बाबेल' लिहा: ब, ब, ल. उत्तर येतं श, श, ख. बाबिलोनचंच नाव ते. वाचकाने स्वतः कागदावर करून पाहावं. दोन मिनिटांत कुलूप उघडल्याचा आनंद मिळतो.

दुसरी किल्ली 'नोतारिकोन', म्हणजे आद्याक्षरांची. मेझुझाच्या बाहेरच्या बाजूला 'शद्दाय' हे देवाचं आणखी एक नाव किंवा निदान त्यातलं शीन हे अक्षर असतं. शीन, दालेत, योद या तीन अक्षरांतून तीन शब्द उलगडले जातात: शोमेर दालतोत यिस्राएल, म्हणजे इस्राएलच्या दारांचा राखणदार. दारावर लावायच्या वस्तूवर हेच नाव का, हे मग विचारावं लागत नाही.

तिसरी किल्ली सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत बदनाम: 'गेमात्रिया'. हिब्रूत अंकांसाठी जुन्या काळी वेगळी चिन्हं नव्हती. अक्षरंच आकड्यांचं काम करत. पहिली दहा अक्षरं 1 ते 10, पुढची 20, 30 करत 100 पर्यंत आणि शेवटची तीन 200, 300, 400. त्यामुळे प्रत्येक शब्द ही आपोआप एक बेरीजही असते. हे रोजच्या वापरातलं आहे. ज्यू पंचांगात 15 तारीख 10 अधिक 5 अशी लिहीत नाहीत, कारण योद आणि हे ही देवाच्या नावातली अक्षरं एकत्र येतात. म्हणून 9 अधिक 6 लिहितात. त्या अक्षरांचा उच्चार 'तू'. शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवसाचा सण म्हणून 'तू बिश्वात' झाला. कोकणातले बेने इस्रायल याच दिवशी एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, उरूस करतात.

आता मेझुझाच्या मजकुराकडे परत येऊ. पहिलं वाक्य 'एहाद', म्हणजे एक, या शब्दावर संपतं. आलेफ 1, हेत 8, दालेत 4, बेरीज 13. लगेच पुढचं वाक्य प्रेम करायला सांगतं. प्रेम म्हणजे 'आहावा': 1, 5, 2, 5, बेरीज पुन्हा 13. आणि 13 अधिक 13 होतात 26. देवाच्या चार अक्षरी नावाची बेरीज करून पाहा: 10, 5, 6, 5. तीही 26. एकत्व आणि प्रेम एकत्र आले की देवाचं नाव पुरं होतं, असं कब्बाला सांगणारा यातून वाचतो.

आकडे पुरेसे खेळवले तर कशाचाही कशाशी मेळ घालता येतो, ही शंका इथे यायलाच हवी. ती त्या परंपरेलाही आली होती. सुमारे 1,800 वर्षांपूर्वी संकलित झालेल्या 'पिरके आवोत' या वचनसंग्रहात अशा गणितांना ज्ञानाच्या पानातलं तोंडी लावणं म्हटलं आहे. मला हा शब्द फार नेमका वाटतो. तोंडी लावण्याने जेवणाला चव येते, पोट त्याने भरत नाही. जाणते कब्बालावेत्ते आकड्यांवरून सिद्धान्त काढत नसत. आधी जे समजलं आहे, त्याची खूण अक्षरांत कुठे उमटली आहे का, हे ते पाहत. गेमात्रियाने शेअर बाजार किंवा भविष्य सांगणाऱ्यांचा या परंपरेशी संबंध नाही.

विटा आणि घरं

पण मुळात अक्षरांत एवढं काय आहे? त्याचं उत्तर तोराच्या पहिल्या पानावर आहे. तिथे देव जग हातांनी घडवत नाही. तो बोलतो आणि ते होतं. जग जर उच्चारातून झालं असेल, तर जगाचा कच्चा माल अक्षरं आहेत. 'सेफेर येत्सिरा', म्हणजे निर्मितीचं पुस्तक, हा अगदी छोटा आणि अतिशय प्राचीन ग्रंथ हाच विचार टोकाला नेतो. देवाने 22 अक्षरं कोरली, तोलली, फिरवली, एकमेकांशी जोडली आणि त्यांतून सगळं घडवलं. ग्रंथातला दृष्टान्त गवंडीकामाचा आहे. अक्षरं म्हणजे दगड, शब्द म्हणजे घरं. दोन दगडांची दोन घरं होतात, तीन दगडांची सहा, चारांची चोवीस, पाचांची एकशेवीस. शाळेत शिकलेले क्रमपर्याय ते हेच. सात दगडांपाशी 5,040 घरं होतात.

मराठी माणसाला हे कळायला जड जाऊ नये. लिहिलेल्या खुणेला आपण 'अक्षर', म्हणजे न झिजणारं, म्हणतो आणि परब्रह्मालाही तेच नाव देतो.

म्हणूनच तोराची पोथी लिहिणाऱ्या लेखनिकावर, सोफेरवर, इतकी बंधनं असतात. पाठ असलं तरी आठवणीतून लिहायचं नाही, समोरच्या प्रतीत पाहूनच लिहायचं. परंपरेने पोथीत 3,04,805 अक्षरं मोजली आहेत. त्यांतलं एक जरी गळालं किंवा तडकलं, तरी दुरुस्त होईपर्यंत ती पोथी वाचनाला चालत नाही. इमारतीतला एक दगड निखळल्यावर आपण तरी तिथे राहायला जाऊ का?

━━━━━━━━━━
चौकट: ओळखीचे शब्द

हिब्रू आणि अरबी या बहिणी-बहिणी. अरबीतून फारसीमार्गे अनेक शब्द मराठीत आले. त्यामुळे कब्बालाचे कित्येक पारिभाषिक शब्द आपल्या घरातल्या शब्दांचे नातलग निघतात.

कब्बाला म्हणजे स्वीकारलेलं, गुरूकडून घेतलेलं. त्याच धातूचा आपला 'कबूल'.
होखमा म्हणजे प्रज्ञा. आपली 'हिकमत'.
मालखूत म्हणजे राज्य. आपला 'मुलूख' आणि 'मालक'.
शेखिना म्हणजे देवाचं या जगात वस्तीला असणं. जुन्या कागदपत्रांत नाव-गाव सांगताना येणारा 'साकीन' हा तिचा भाऊबंद.
देराश म्हणजे शोधून काढलेला अर्थ. 'मदरसा' याच कुळातला.
━━━━━━━━━━

एक प्रकाश, दहा रंग

कब्बालाला पहिली अडचण आली ती देवाबद्दल बोलण्याची. जो अमर्याद आहे त्याला ते 'एन सोफ' म्हणतात. शब्दशः 'अंत नाही', म्हणजे आपला अनंत. त्याच्याविषयी काहीच सांगता येत नाही. पण तोरामधला देव तर रागावतो, कळवळतो, न्याय करतो, बोलतो. हे दोन्ही एकच कसे?

त्याचं उत्तर म्हणजे दहा सेफिरोत. अनंताचा प्रकाश जगाकडे येताना दहा रूपांतून येतो. गालिलीतल्या सफेद गावी राहणारे मोशे कोर्दोवेरो (1522–1570) यांनी ते समजावण्यासाठी रंगीत काचांचा दृष्टान्त दिला. सूर्यप्रकाश निरनिराळ्या रंगांच्या काचांमधून खोलीत आला की जमिनीवर लाल, निळे, हिरवे कवडसे पडतात. प्रकाश एकच, त्याला रंग नाही. तरी लाल कवडसा खोटा नसतो.

दहाही नावं इथे देण्यात अर्थ नाही. दोनांवरून यंत्रणा कळते. 'हेसेद' म्हणजे न मोजता देणारी माया. 'गेवुरा' म्हणजे मर्यादा घालणारी कठोरता. नुसती माया असेल तर तिच्या पुरात समोरचा बुडून जातो. नुसती कठोरता असेल तर जग एक क्षण टिकणार नाही. मूल वाढवलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. म्हणून या दोहोंच्या मध्ये 'तिफेरेत', म्हणजे सौंदर्य, येतं. तोल साधला की जे दिसतं ते सौंदर्य, ही कल्पना मला या सगळ्या रचनेतली सर्वांत मोहक वाटते. आणि सगळ्यांत खालची, आपल्या सर्वांत जवळची दहावी म्हणजे मालखूत, तीच शेखिना. ती स्त्रीरूप आहे आणि आपल्या लोकांबरोबर परागंदा झालेली आहे.

आता वाचनपद्धत आणि तत्त्वज्ञान एकत्र कसे येतात, ते एका उदाहरणात पाहू. 'झोहर', म्हणजे तेज, हा कब्बालाचा मुख्य ग्रंथ. तो स्पेनमधल्या कास्तील प्रांतात 1280 च्या सुमारास पुढे आला. ग्रंथ स्वतःला दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योखाय या ऋषितुल्य रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचा, म्हणवतो. पण त्याचा मुख्य भाग मोशे दे लेओन (मृत्यू 1305) यांनी लिहिला, हे गेर्शोम शोलेम या अभ्यासकाने भाषेच्या पुराव्यांवरून दाखवलं. अलीकडचे संशोधक त्यात एका मंडळाचा हात पाहतात. काळ लक्षात राहायला सोपा आहे: ज्ञानेश्वरी 1290 ची.

तोराचे पहिले तीन शब्द, हिब्रूतल्या क्रमाने, असे आहेत: 'बेरेशीत', 'बारा', 'एलोहीम'. आरंभी, निर्मिलं, देव. सरळ अर्थ: आरंभी देवाने निर्माण केलं. पण हिब्रूत कर्त्याला 'ने' लागत नाही आणि 'बे' या उपसर्गाचा अर्थ 'मध्ये' होतो तसाच 'च्या योगे' असाही होतो. झोहर शब्दांना हात न लावता, आहे त्याच क्रमाने वाचतो: आरंभाच्या योगे निर्मिला देव. कुणी निर्मिला? कर्ता वाक्यात नाहीच. तो एन सोफ. त्याचं नाव घेताच येत नाही, म्हणून वाक्यातही ती जागा मोकळी. 'आरंभ' म्हणजे होखमा आणि 'एलोहीम' म्हणजे तिच्यातून उमललेली पुढची सेफिरा, बीना. जगाच्या निर्मितीचं वाक्य एका दमात देवाच्या आतल्या हालचालीचं वाक्य होतं. एकही अक्षर बदललेलं नाही.

सज्जातली राजकन्या

असं वाचणाऱ्याला सरळ अर्थ खोटा वाटतो का? परंपरेने अर्थाचे चार थर सांगितले आहेत: पेशात म्हणजे सरळ अर्थ, रेमेझ म्हणजे खूण, देराश म्हणजे शोधलेला अर्थ आणि सोद म्हणजे गुपित. चौघांची आद्याक्षरं जुळवली की 'पारदेस', म्हणजे बाग, तयार होते. (उर्दूतला 'फिरदौस' मुळात तोच इराणी शब्द.) तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या प्राचीन ग्रंथात चार विद्वान या बागेत शिरल्याची गोष्ट आहे. एक मेला, एकाला वेड लागलं, एकाने रोपटी छाटली, म्हणजे धर्मच सोडला. रब्बी अकिवा तेवढे सुखरूप गेले आणि सुखरूप परतले.

झोहरमधला दृष्टान्त याहून कोवळा आहे. राजकन्या वाड्यात राहते. तिच्यावर जीव जडलेला एकजण रोज वाड्याभोवती घिरट्या घालतो. ती क्षणभर खिडकी किलकिली करते, चेहरा दाखवते आणि मिटून घेते. रस्त्यावरून शेकडो माणसं जातात, पण ते फक्त त्यालाच दिसतं. मग ती पडद्याआडून दोन शब्द बोलते, मग पातळ ओढणीआडून कोडी घालते आणि शेवटी समोरासमोर बसून मनातलं सगळं सांगते. आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणते: पहिल्या दिवशी मी केलेली ती खूण आठवते? तिच्यात हे सगळं होतं. तेव्हा त्याला कळतं की सरळ अर्थाला काही जोडायचंही नाही आणि त्यातून काही काढायचंही नाही.

म्हणजे गुपित अक्षरांच्या पलीकडे कुठे नाही, अक्षरांतच आहे. गूढ वाचन माणसाला शेवटी पहिल्या ओळीवर परत आणून सोडतं.

तडकलेली भांडी

1492 मध्ये स्पेनने आपल्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. ते, त्यांचे वंशज आणि त्यांच्या पोथ्या हिंडत हिंडत अनेक ठिकाणी पोचल्या. त्यांतलं एक ठिकाण म्हणजे कोर्दोवेरोंचं सफेद. तिथे 1570 मध्ये इजिप्तहून इसहाक लुरिया आले, दोनच वर्षांनी, 38 व्या वर्षी, साथीच्या रोगात गेले, आणि तेवढ्यात कब्बालाचा चेहरा पालटून गेला. त्यांनी स्वतः फारसं लिहिलं नाही. शिष्य हयीम व्हिताल यांनी टिपून ठेवलं.

लुरियांचा प्रश्न मूलभूत होता. सगळीकडे अनंतच असेल, तर जगाला जागा कुठून आली? उत्तर: अनंताने स्वतःला आवरून घेतलं आणि मोकळी जागा केली. हे 'त्सिमत्सूम'. पुढे हसिदी या ज्यू भक्तिपंथाच्या गुरूंनी ते बाप-लेकाच्या उदाहरणाने सांगितलं. मोठा पंडित आपल्या लहान मुलाला शिकवायला बसतो, तेव्हा आपली विद्वत्ता आवरतो, मुलाला झेपेल तेवढंच बोलतो. ते आवरणं हेच त्याचं प्रेम असतं.

त्या जागेत प्रकाश आला, तो धरायला भांडी होती. पण प्रकाश भांड्यांना पेलवला नाही. थंड काचेच्या पेल्यात कढत पाणी ओतलं की होतं, तेच झालं. भांडी फुटली. ठिणग्या खाली विखुरल्या आणि भाताच्या दाण्यावर तूस असावं तशी त्यांच्यावर 'केलिपोत', म्हणजे टरफलं, बसली. आपण राहतो ते जग म्हणजे ही फुटलेली भांडी. माणसाचं काम त्या ठिणग्या सोडवण्याचं: 'तिक्कून', म्हणजे दुरुस्ती. भाकरीचा तुकडा मोडताना आशीर्वाद म्हटला, की त्यातली ठिणगी सुटते. कर्मकांडातल्या बारक्यातल्या बारक्या गोष्टीला विश्वाएवढं वजन आलं ते इथे.

आपलं घर सुटलेल्या लोकांनी देवालाही निर्वासित पाहिलं, असा या कथेचा अर्थ शोलेम यांनी लावला. मोशे इदेल यांच्यासारख्या पुढच्या अभ्यासकांना तो पुरता पटलेला नाही. यातल्या कल्पना 1492 पूर्वीच्या आहेत, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही एकदम खरं वाटतं. कल्पना जुन्या असतीलही, पण घर सुटल्यावर त्या जिवाला लागल्या.

सफेदचे लोक शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, या नववधूचं, म्हणजे शेखिनेचं, स्वागत करायला शेतात जात. त्यासाठी श्लोमो अल्काबेत्स यांनी रचलेलं 'लेखा दोदी' हे गीत आज जगभरच्या सिनेगॉगांत म्हटलं जातं. कडव्यांची पहिली अक्षरं जुळवली की कवीचं नाव निघतं. शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे तोंड करून उभे राहतात.

पुण्यातला एक छापखाना

कब्बालाची विद्या सगळ्यांना सांगायची नाही, असा संकेत होता. चाळिशी उलटलेल्या, संसारात स्थिर झालेल्या विद्वानानेच तिला हात लावावा. 1880 च्या दशकात तो संकेत मोडला गेला तो आपल्या पुण्यात. अब्राहम डेव्हिड एझेकिएल हे इथले बगदादी ज्यू आणि थिऑसॉफिकल सोसायटीचे सदस्य. शिमोन बार योखाय मृत्यूच्या दिवशी शिष्यांना शेवटची गुपितं सांगतात, तो झोहरमधला 'इद्रा झुटा' हा भाग त्यांनी अरामीतून हिब्रू लिपीतल्या अरबीत आणला आणि छापला. बगदादच्या रब्बींनी जोरदार आक्षेप घेतला.

एझेकिएल यांची तळमळ मराठी माणसाला लगेच समजते. गीता लोकभाषेत आणणाऱ्यांचा आपण वारसा सांगतो. पण रब्बींच्या भीतीतही तथ्य होतं. अर्थ भाषेतून भाषेत जातो, अक्षरं जात नाहीत. 'आहावा'चं 'प्रेम' केलं की प्रेम उरतं, 13 उरत नाहीत. सिमहात तोरा या सणाच्या दिवशी जे घडतं, तेही म्हणूनच हिब्रूतच घडू शकतं.

वर्षभर दर शब्बाथला थोडी थोडी वाचत आणलेली तोरा त्या दिवशी संपते. त्याच बैठकीत दुसरी पोथी उघडतात, जी आधीच गुंडाळून सुरुवातीवर आणून ठेवलेली असते. संपलेल्या पोथीचं शेवटचं अक्षर लामेद. नव्या पोथीचं पहिलं अक्षर बेत. लामेद म्हणजे 30, बेत म्हणजे 2; आणि सेफेर येत्सिरा म्हणतो, 22 अक्षरं आणि दहा सेफिरोत मिळून शहाणपणाच्या वाटा 32. दोन पोथ्यांच्या त्या सांध्यावर लामेद आणि बेत शेजारी येतात. ती एकत्र वाचली की हिब्रूत शब्द होतो 'लेव'. लेव म्हणजे काळीज.